पाळण्याचा चौथा स्क्रू

जानकीपुरमच्या चौकात ई-रिक्षातून बाहेर डोकावणाऱ्या एका पाळण्याने माझ्या स्कूटीचा आरसा फोडला. "डोळे फुटलेत का मेल्याचे!" मी पुटपुटले. तर आतला चष्मेवाला खाली उतरून म्हणाला, "मराठी समझ में आती है मुझे… सॉरी."

त्याचं नाव अनुप; घर मराठी, पण इथे उत्तरेत वाढल्याने जिभेवर हिंदीच. नोकरी छावणीतल्या बँकेत. पाळणा त्याच्या आईचा, अस्सल शिसवी. बहिणीला, देविकाला, मुलगा झाला होता आणि बारसं याच पाळण्यात करायचं होतं. पण वरची कडी झिजून अर्धी झालेली, आणि तिची पट्टी धरून बसलेले चारही स्क्रू गंजून लाकडात रुतलेले. जुनं लाकडी सामान दुरुस्त करणं हाच माझा धंदा. मी भांडण विसरून वाकले.

"यावर काय ओतलंत?"

"सरसों का तेल… उससे ढीला हो जाता है ना?"

"वाळून डिंक झालाय त्याचा!"

तो इतका मनापासून ओशाळला की मला हसू आलं.

मग रोज संध्याकाळी बँक सुटली की तो माझ्या गॅरेजात हजर. मी तापवलेली सळई स्क्रूच्या डोक्यावर टेकवायची, थंड होऊ द्यायचं, आधी स्क्रू केसभर आवळायचा, मग उलटा फिरवायचा. तो चहा आणायचा… आणि मी तो मुद्दाम रेंगाळत प्यायचे, म्हणजे तोही थांबेल. असे तीन स्क्रू निघाले.

बारशाच्या आदल्या संध्याकाळी चौथा उरला. बाहेर धुकं दाटलं होतं. डोकं तुटलं असतं तर ड्रिल मारावं लागलं असतं, आणि जुनं शिसव तडकलं असतं. देविकाताईंचे फोनवर फोन येत होते — आई तर आता नाही, निदान तिचा पाळणा तरी असू दे.

एकच उपाय राहिला होता. मी स्क्रूड्रायव्हर अंगाचा सगळा भार टाकून दाबायचा, आणि अनुपने पान्याने त्याची दांडी फिरवायची. मी दाबला. त्याने पाना लावला आणि म्हणाला, "कल बारशाला नागपुर से कुछ लोग आ रहे हैं… लड़की है. दीदी म्हणते, मैं देख लूँ."

स्क्रूड्रायव्हर निसटला. खाचेवर पांढरा ओरखडा उमटला.

"आधी नाही सांगता आलं?"

"आपने पूछा नहीं…"

"मी विचारायचं? तोंड काय फक्त चहा प्यायला दिलंय तुम्हाला?"

मला रडू येत होतं. पण खाच आता एकदाच जोर सोसणार होती. मी पुन्हा दाबला. त्याची गार बोटं माझ्या बोटांना लागली.

"फिरवा. हळू."

"पूर्वा… मुझे नहीं देखनी वो लड़की."

"हात थांबवू नका!"

"मुझे तुम अच्छी लगती हो… बहुत."

कट्!

आम्ही दोघंही डोळे मिटून उभे. तुटला की सुटला? शेवटी मीच बघितलं. पट्टीवर तांबडी भुकटी सांडली होती, आणि स्क्रू डोक्यासकट फिरला होता.

अनुपने बहिणीला फोन लावला. "दीदी, खुल गया! और सुनो… वो नागपुर वाले… मतलब…" गाडी तिथेच अडली. माझा संयम संपला. मी फोन ओढून घेतला.

"देविकाताई, मी पूर्वा. कडी बसवून पाळणा सकाळी मीच घेऊन येते. नागपूरचे पाहुणे येऊ देत, पोटभर जेवू देत. पण मुलगी बघायचा कार्यक्रम रद्द करा. अनुपचं लग्न ठरलंय."

"कुणाशी?"

"माझ्याशी."

पलीकडे बाळ कुरकुरलं.

"मग अनुप सांगतो त्या जीन्समध्ये येऊ नकोस," देविकाताई म्हणाल्या. "गोविंद घ्या, गोपाळ घ्या म्हणत बाळ पाळण्याखालून द्यायला-घ्यायला दोघी लागतात. एका बाजूला आत्या आहे. दुसऱ्या बाजूला मामी हवी."