चार सेकंदांची विचारपूस

वडशाजवळच्या त्या गावात डॉक्टर आठवड्यातून एकदाच येत. बाकी दिवस दवाखाना विचारपूस यंत्र सांभाळायचं. माणूस खुर्चीत बसला की यंत्र गोड आवाजात वीस प्रश्न विचारी, नाडी बघे आणि चिठ्ठी देई. हिरवी म्हणजे गोळ्या घेऊन घरी, लाल म्हणजे गाडीत घालून थेट जिल्ह्याला.

पण हिरवी चिठ्ठी मिळालेली दोन माणसं महिन्याभरात दगावली. चौकशीत यंत्र निर्दोष! मग वरून आदेश आला, की माणसाचं बोलणं ओळखणारा एखादा कलावंत नेमा. यंत्र घडवणाऱ्या ईशिता पेंढारकरनं कपाळावर हात मारला. आता नाटकवाले आपल्याला शिकवणार, झालं कल्याण!

आले ते वासुदेव नाकाडे. इकडच्या गावोगावी रात्रभर चालणाऱ्या झाडीपट्टीच्या नाटकांत चाळीस वर्षं प्रॉम्प्टर, म्हणजे नट वाक्य विसरला की कडेला बसून ते पुरवणारे. पहिल्याच दिवशी ते आदल्या दिवसाची रेकॉर्डिंग ऐकत बसले.

"थांबवा. ही बाई कोण?"

"गिरजाबाई कोहळे. अडुसष्ट वर्षं. सून घेऊन आली होती. हिरवी चिठ्ठी."

"छातीत दुखतं का, याचं उत्तर तिनं दिलंच नाही ना."

"दिलं की. 'नाही' अशी नोंद आहे."

"ते 'नाही' तुमच्या यंत्राचं, मॅडम. बाई गप्प होती."

ईशितानं नोंद उघडली. खरंच. चार सेकंद उत्तर आलं नाही, की यंत्र 'त्रास नाही' असं धरून पुढे जाई. बाहेर रांग असते, म्हणून ही मर्यादा तिनंच घातली होती.

"मीही हेच करत होतो," नाकाडे म्हणाले. "नट थांबला, की दे वाक्य. एकदा बाप मेल्याच्या प्रसंगात नट गप्प उभा, अन् मी घाईनं ओरडलो. अख्खं मैदान हसलं! त्यानं मले असा झापला, काय सांगू. तेव्हापासून मी वहीकडं नाही, नटाच्या श्वासाकडं ध्यान देतो. ज्याले बोलायचं असते, त्याचा श्वास आत जाते अन् तिथंच अडते. ऐका."

गिरजाबाईंचा श्वास आत गेला. शेजारी सुनेच्या बांगड्या वाजल्या. लगेच यंत्र म्हणालं, "छान! पुढचा प्रश्न."

ईशितानं तो तुकडा पुन्हा लावला.

"धानाची रोवणी चालू आहे," नाकाडे म्हणाले. "सासू आजारी म्हटलं, का सून घरी अडकते, तिची रोजी बुडते. तिच्यादेखत सांगेल कशी बिचारी?"

गाडी पाठवून गिरजाबाईंना सुनेसकट परत आणलं. नाकाड्यांनी सुनेला चहाच्या निमित्तानं बाहेर नेलं. ईशितानं मर्यादा काढून टाकली. श्वास अडला, तर यंत्र आता थांबणार होतं. तोच प्रश्न. पाच सेकंद. दहा. ईशिताचा हात बटणाकडे गेला, तो तिनं मांडीखाली दाबून धरला. विसाव्या सेकंदाला गिरजाबाई म्हणाल्या, "दुखते जी. धानाच्या बांधीत वाकलं का हात भरून येते. घरी नोका सांगू."

चिठ्ठी लाल आली. संध्याकाळी जिल्ह्याहून फोन आला, की हृदयाची रक्तवाहिनी जवळजवळ बंद होती, थोडक्यात वाचल्या. ईशिताला रडूच कोसळलं.

त्या आठवड्यात यंत्रानं अशी अकरा माणसं हुडकली. पण एकेकाच्या उत्तरासाठी थांबता थांबता, पूर्वी दिवसाला नव्वद जणांची तपासणी व्हायची, ती तिसावर आली. शनिवारी पाच वाजता दवाखाना बंद झाला, तेव्हा साठ माणसं चिठ्ठीविनाच उठली आणि एसटीच्या थांब्याकडे निघाली.

"पंधरा सेकंदांची मर्यादा घालू का?" ईशितानं विचारलं. "तुम्हीच सांगा, तुम्हाला कळतं."

"माह्यासमोर एका वेळी एकच नट राहायचा, मॅडम. हे मले नाही येत."

असं म्हणून नाकाड्यांनी चपला घातल्या आणि ते थांब्याकडे चालू लागले. ईशिता मागोमाग धावली. थांब्यावर साठ माणसं चुपचाप उभी होती, नाकाडे एकेकाच्या श्वासाकडे ध्यान देत पुढे सरकत होते आणि वळणावर एसटी दिसायला लागली होती.

"काका," ती धापा टाकत म्हणाली, "आधी कोणाला विचारायचं?"