उपासरस

पडद्यावरचा आलेख आज पुन्हा वर चढला होता, आणि डॉ. वामन साखळकरांना त्याच्याकडे बघवत नव्हतं. रत्नागिरीच्या किनारी प्रथिन केंद्रात बसून देशाच्या माणशी प्रथिन-पुरवठ्याचा हिशेब ठेवणं हे त्यांचं काम. समुद्र तापला, बांगडे आणि सुरमया थंड पाण्याकडे निघून गेल्या, तेव्हा किनाऱ्यावर टाक्या बांधून माकूळ आणि अष्टपाद वाढवायची टूम निघाली. टूम कसली, आता अर्धा देश तिच्यावरच जेवत होता. नऊ वर्षांत या मांसाचा वाटा कितीतरी पट वाढला. दिल्लीहून दर महिन्याला शाबासकी यायची. साखळकरांना आताशा शाबासकीचाही वीट आला होता.

कारण दुसराही एक आलेख होता, आणि तो खाली येत होता. अंगावर पिणाऱ्या बाळांची वजनं. प्रथिनं वाढत गेली तशी बाळं वाळत गेली. याचा अर्थ त्यांना लागत नव्हता, आणि तो लागणं ही आता त्यांच्या घरचीच निकड झाली होती. त्यांची मुलगी चारुता बाळंतपणासाठी माहेरी आली होती. नात दोन महिन्यांची होती आणि एवढीशीच राहिली होती. चारुताचं दूध आटत चाललं होतं, गाल बसले होते. बाळंतिणीला ताकद यावी म्हणून साखळकर रोज संध्याकाळी अष्टपादाचं ताजं मांस स्वतः घरी घेऊन जायचे.

"सापडलं," डॉ. फरीदा मुकादम दार ढकलून आत येत म्हणाल्या. फरीदाबाई शरीरक्रियाशास्त्राच्या. गेली कित्येक वर्षं दोघं एकाच इमारतीत एकमेकांशी वाद घालत आले होते. आज मात्र त्यांच्या आवाजात वादाचा उत्साह नव्हता.

"अष्टपादाची मादी अंडी घातल्यावर काय करते?" त्यांनी विचारलं.

"राखत बसते. खात नाही. पिल्लं बाहेर पडली की मरते. हे मला काय विचारता, शाळेतल्या पोरांना विचारा."

"खात का नाही?"

"डोळ्यांमागच्या ग्रंथीतून संप्रेरक सुटतं म्हणून. त्याचं उपासरस असं बारसं तुम्हीच केलंत की."

"ते सुटलं की तिच्यापुढे जिवंत खेकडा ठेवा, ढुंकून बघत नाही. ती भूक मारत नाही, साखळकर. तिला भूक लागतच नाही. आता सांगा, टाकीतली मादी आपण कधी कापतो?"

साखळकरांनी डोळे मिटून घेतले. "अंडी घातल्याबरोबर. अंडीही हाती येतात आणि मादीही अंगानं भरलेली असते."

"उपासरसानं भरलेली."

"पण शिजवल्यावर?"

"स्निग्ध जातीचं रसायन आहे. उकळा, तळा, त्याला काही होत नाही. तुमच्या-माझ्या अंगातून ते निमूट निघून जातं. पण बाईला दूध येत असलं की मेंदूतलं भुकेचं केंद्र त्याला दाद देतं. बाळंतिणीचं जेवण सुटतं आणि मागोमाग दूध जातं."

"मान्यतेच्या आधी चाचणी झाली होती, बाई," साखळकर थकल्या आवाजात म्हणाले. "अर्ध्या बाळंतिणींना अष्टपाद दिला, अर्ध्यांना डाळ. भुकेत काडीचा फरक नव्हता."

"भूक मोजली कशी?"

"विचारून. घरी जाऊन, घरच्या माणसांसमोर. ताई, भूक राहते का म्हणून."

"आणि त्या काय म्हणाल्या?"

"नाही म्हणाल्या. दोन्ही गटांतल्या."

फरीदाबाई खुर्चीत बसल्या. "सासू समोर, नवरा समोर, कुठली बाई म्हणेल हो, मला भूक राहते म्हणून? माझ्या अम्मीच्या तोंडून मी तो शब्द जन्मात ऐकला नाही. जिला भूक नव्हती तीही नाही म्हणाली, जिला होती तीही नाही म्हणाली. मग फरक दिसणार कुठून?"

साखळकरांनी त्या दिवशी मांस नेलं नाही. घरी गेल्या गेल्या चारुताच्या बोटातून रक्ताचा थेंब काढून फरीदाबाईंनी दिलेल्या उपासरसाच्या तपासपट्टीवर टाकला. पट्टी गर्द निळी झाली. पोरीला आपण आपल्या हातांनी उपाशी मारत होतो.

अष्टपाद बंद केल्यावर थोड्याच दिवसांत एका सकाळी चारुता स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच आदल्या दिवशीची भाकरी खाताना दिसली. कोरडी, नुसत्या मिठाबरोबर, दोन्ही हातांनी. साखळकर अंगणात येऊन रडले. असं रडायला आपण अजून शिल्लक आहोत याचं त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

सरकारला पटवता पटवता दोघांच्या नाकी नऊ आले. पण सरकार एकदा घाबरलं की मध्ये कुठे थांबत नाही. नर आणि मादी वेगळे काढण्याची सोय होईपर्यंत देशातल्या सगळ्या टाक्यांना कुलपं लागली. आलेख उभाच्या उभा खाली आला. समुद्रात मासा नव्हता, टाकीत अष्टपाद नव्हता, डाळ रेशनवर मोजून मिळू लागली. दिल्लीहून आता रोज विचारणा यायची, आणि साखळकर रोज एकच उत्तर द्यायचे, सोय अजून झालेली नाही.

त्या आठवड्यात जावई मकरंद लेकीला बघायला आला. जेवायच्या आधी साखळकरांनी चारुताचं रक्त पुन्हा तपासलं. पट्टी जराही निळी झाली नाही. उपासरसाचा अंगात मागमूस नव्हता. त्यांना फार दिवसांनी बरं वाटलं.

चारुतानं दोघांना वाढलं. वडिलांना भात आणि वाटीभर डाळ, नवऱ्याला भात आणि वाटीभर डाळ.

"तुझं ताट?" साखळकरांनी विचारलं.

"मी नंतर बसते, बाबा. तसंही आज खावंसं वाटत नाहीये. तुम्ही जेवा पोटभर."

मकरंद जेवू लागला होता. साखळकरांचा घास हातातच राहिला.

"चारू, तुझ्या रक्तात आता काही नाही. मघाशी पट्टी बघितली ना आपण?"

"मग चांगलंच आहे की."

"मग खावंसं का वाटत नाही?"

चारुता हसली. "काहीतरीच काय, बाबा! बोलायची रीत असते. आई नाही का रोज असंच म्हणायची?"

कुंदाला, त्यांच्या बायकोला, जाऊन बारा वर्षं झाली होती. तेव्हा देशात अष्टपादाची एकही टाकी नव्हती. ती रोज असं म्हणायची, आणि ते रोज जेवून उठायचे.

साखळकर उठले, चारुताला हाताला धरून स्वतःच्या पाटावर बसवलं, आणि ताट तिच्यापुढे सारलं. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. मकरंदनं मान खाली घातली. "तू जेवल्याशिवाय मी इथून हलत नाही," साखळकर म्हणाले आणि खरंच समोर बसून राहिले.

आधी तिनं अवघडून दोन घास घेतले. मग तिचं भान सुटलं. भात संपला, वाटी रिकामी झाली, तिनं ताट बोटानं निपटलं. मग वडिलांकडे न बघता, चोरी कबूल करावी तशा हलक्या आवाजात तिनं विचारलं, "आणखी आहे का?"

साखळकरांनी पातेलं ओढून आत पाहिलं. त्यात काही उरलं नव्हतं.