पाचवं वाक्य

"पोळ्या मिळतील का?" दारातल्या त्या माणसानं विचारलं आणि माझा अख्खा वर्ग फिदीफिदी हसायला लागला.

"पोळी-भाजी केंद्र खाली. इथे इंग्रजी मिळतं," मी म्हटलं. ऑक्टोबरचं ऊन, पंखा बंद, माझं डोकं तापलेलं. तसा माझा राग कायम नाकाच्या शेंड्यावरच असतो. ठाण्यातलं अख्खं खोपट सांगेल तुम्हाला, वल्लरी मॅडमच्या वाटेला जाऊ नका म्हणून!

पण हा काही गेला नाही. एसटी डेपोत मेकॅनिक, बाहीवर ग्रीसचा डाग, आणि डोळे... जाऊ दे. फळ्याकडे बघत म्हणाला, "मग इंग्रजीच द्या."

सुदेश त्याचं नाव. आल्या आल्या त्यानं स्टुलावर चढून पंखा दुरुस्त केला. वारा आला तसे माझे कागद उडाले, आणि ते गोळा करताना आमची डोकी आपटली. तो सॉरी म्हणाला, मी इंग्रजीची बाई असून मराठीत "आई गं" म्हटलं.

माझ्या वर्गाचा एक नियम आहे. रोज मी इंग्रजीतली एक शब्दांची जोडणी शिकवते. तिच्यावर प्रत्येकानं पाच वाक्यं लिहायची, आणि पाचही खरी. काका राजा नसेल तर काकाला राजा करायचं नाही! मग वह्या बदलायच्या आणि दुसऱ्याची वाक्यं मोठ्यानं वाचायची. सरावाचे कागद मी समोरच्या विनीतच्या दुकानातून झेरॉक्स करून आणते. विनीत बोलत नाही फारसा, पण न सांगता प्रत्येक गठ्ठ्याला नीट पिन मारून देतो.

सुदेशच्या तिसऱ्या दिवशी जोडणी होती 'अ फ्रेंड ऑफ माइन'. सुदेशची वही गेली हौसाबाईंकडे. हौसाबाई कळव्याच्या, साठीच्या. परदेशातल्या नातवाला मराठी येत नाही म्हणून इंग्रजी शिकतात. त्यांनी चष्मा सावरला.

"अ फ्रेंड ऑफ माइन लाइक्स अ टीचर. अ फ्रेंड ऑफ माइन सीज हर एव्हरी डे. अ फ्रेंड ऑफ माइन कॅनॉट स्पीक टू हर. द हँड्स ऑफ माय फ्रेंड गेट कोल्ड."

माझे कान गरम झाले.

"चारच? पाचवं कुठाय?" मी शक्य तितक्या करड्या आवाजात विचारलं.

"पाचवं... जमत नाही मॅडम," तो बाकाकडे बघत म्हणाला.

वर्ग सुटल्यावर हौसाबाईंनी मला कोपरखळी मारली. "मित्र कसला गं बाई! हाच तो मेला. स्वतःचं नाव घ्यायला लाजतोय."

मलाही तेच वाटलेलं. 'माझ्या एका मित्राला विचारायचंय' म्हणणाऱ्याचा मित्र कोण असतो, हे काय कुणाला सांगायला हवं?

मग रोज जोडणी बदलायची, पण मित्र तोच. मित्राला टीचरचा राग आवडतो. मित्राला टीचरची निळी ओढणी आवडते. रोज चार वाक्यं, पाचवी ओळ कोरी. मी लाल पेनानं लिहायचे, 'पाचवं?' आणि दुसऱ्या दिवशी निळी ओढणी घालून जायचे. मी! जी वर्गात हसली तर लोक दिवाळी समजतात!

तीन आठवडे झाले. पठ्ठ्या बोलेना. शेवटी एका शुक्रवारी त्याच्या वहीत मीच लिहून टाकलं, 'टेल युवर फ्रेंड, द टीचर सेज येस.' वही दिली आणि फळा पुसायला वळले. पुसलेलाच फळा परत पुसला. वळून पाहिलं तर सुदेशचा चेहरा पांढराफटक. मला वाटलं, आनंदानं.

शनिवारी तो आला, तो एकटा नाही. मागे विनीत होता. इस्त्रीचा शर्ट, केस चापून बसवलेले, हातात पेढ्यांचा बॉक्स.

"मॅडम," विनीत बॉक्स पुढे करत म्हणाला, "सुदेशनं वही दाखवली. मला वाटलंच नव्हतं तुम्ही हो म्हणाल..."

माझ्या हातातलं पेन पडलं. मित्र होता! खराखुरा! हौसाबाईंच्या तोंडून "अगंबाई" निघालं.

"तू... तू त्याच्यासाठी लिहीत होतास?" मी सुदेशवर ओरडलेच. अहो-जाहो गेलं उडत.

"तुम्हीच म्हणालेलात ना, खोटं वाक्य चालणार नाही," तो पुटपुटला. "मी एकही खोटं लिहिलं नाही मॅडम. मी इथे यायला लागल्यावर दुसऱ्याच दिवशी यानं मला सांगितलं. त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही, म्हणून मी..."

मला रडू येत होतं आणि मारावंसंही वाटत होतं. पण विनीत बॉक्स धरून तसाच उभा होता. त्याला फसवणं माझ्याच्यानं झालं नसतं.

"विनीत, माझं चुकलं," मी म्हटलं. "ते येस तुमच्यासाठी नव्हतं. मला वाटलं, मित्र म्हणजे... हाच."

विनीत माझ्याकडे बघत राहिला. मग सुदेशकडे. सुदेशनं मान वर केली नाही. विनीतनं सावकाश बॉक्स टेबलावर ठेवला, वही उघडली आणि एकेक पान उलटत गेला. सगळीकडे चार वाक्यं. सगळीकडे पाचवी ओळ कोरी.

"पाचवं का लिहिलं नाहीस रे?" त्यानं विचारलं.

सुदेश बाहीवरचा ग्रीसचा डाग खरवडायला लागला.

"खोटं लिहायचं नव्हतं, आणि खरं माझ्यामुळे लिहिता येत नव्हतं. असंच ना? साल्या, मला सांगायचंस तरी!" विनीतनं पडलेलं पेन उचलून त्याच्या हातात कोंबलं. "लिही."

सुदेश लिहीत होता तेवढ्या वेळात डेपोतून दोन गाड्या सुटल्या असतील. नियमाप्रमाणे वही हौसाबाईंकडे गेली.

"आय ऑल्सो लाइक द टीचर," त्यांनी वाचलं, "फ्रॉम द डे ऑफ पोळी."

मला हसू आलं, आणि मग रडू. पहिला पेढा हौसाबाईंनी उचलला. विनीत तोवर जिना उतरलेला.

सोमवारी मी झेरॉक्सला गेले. जायला हवंच होतं. माझ्या आधीच्या गिऱ्हाइकाला विनीतनं खटाखट पिना मारून दिल्या. माझा गठ्ठा मात्र सुटाच पुढे केला.

"स्टेपलर बिघडलाय मॅडम," तो म्हणाला.

मी बरं म्हटलं, कागद छातीशी धरले आणि रस्ता ओलांडला. पलीकडे सुदेश उभा होता.