माशाच्या पोटात काय असतं?

"मासे नकोत. फक्त त्यांची पोटं द्याल का?"

वर्सोव्याच्या धक्क्यावर बोट रिकामी करणारा तो तरुण हातातली पाटी तशीच धरून माझ्याकडे बघत राहिला... मग हसला.

"पोटांचं कालवण करणार?"

"अभ्यास करणार." मी अनुपमा, घाटकोपरची. १९८६ साली मत्स्यशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होते. कोणता मासा काय खातो, ते मला शोधायचं होतं.

त्यानं एक बोंबील दिला. मी तिथेच उकिडवी बसून चिरला. आत जवळा होता — आणि बोटाएवढा दुसरा बोंबील!

"च्यायला! बोंबील बोंबलाला खातो?" तो शेजारी वाकला. सगळं आयुष्य बोटीवर गेलेलं, तरी डोळ्यांत एवढं नवल... मी सुरी धरून त्याच्याकडेच बघत बसले.

त्याचं नाव नंदकुमार. दर मंगळवारी तो माझ्यासाठी मासे बाजूला ठेवू लागला. मी मोठ्या कागदावर नावं लिहून कोण कोणाला खातं त्या रेघा जोडायची. तो चुका काढायचा.

"घोळ मासळी आली की पाण्यातून आवाज येतो," तो एकदा म्हणाला.

"मलाही ऐकव ना."

"बोटीवर यावं लागेल."

"आणि घाबरले तर?"

"तर... जवळ बसायचं."

एका मंगळवारी मात्र त्यानं कागदाकडे पाहिलंच नाही. त्याचे वडील, धाकूकाका, बारीक आसाचं, म्हणजे अगदी लहान भोकांचं जाळं घेणार होते. पापलेटचं नखाएवढं पिल्लूही त्यातून सुटलं नसतं.

"काय करू, अनु?"

अनु! पहिल्यांदाच म्हणाला... पण त्यांचं घर त्या जाळ्यावर चालणार होतं.

शेवटी आम्ही दोघं कागद घेऊन काकांकडे गेलो. पिल्लं संपली की पुढे कोणाकोणाची पोटं रिकामी राहतात, ते मी रेघांवर बोट ठेवून सांगितलं. त्यांनी कागद स्वतःकडे ओढला.

"यात आम्ही कुठे आहोत?"

मी ओशाळले. समुद्रातलं प्रत्येक तोंड मोजलं होतं, माणसंच विसरले होते. पेन्सिल घेऊन मी बोट काढली. बोटीत काका काढले, नंदकुमार काढला... हात थांबेचना.

"या वर्षी जुनंच जाळं टाकू," काका म्हणाले. "पुढचं पुढे." मग कागदावर वाकले. "आणि ही वेणीवाली कोण?"

नंदकुमारचे कान लाल झाले.

"मी," म्हटलं. "चालेल ना, काका?"

"मला काय विचारतेस, त्याला विचार."

"चालेल!" माझ्या विचारण्याआधीच तो म्हणाला.