सावलीच्या खांबावरची वीट

आमच्या घरात नवस नाही, अंगारा नाही, आणि भुताची गोष्ट कुणी काढली की मी उठून चहा टाकायला जाते. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं ऐकून मला भोळीभाबडी समजू नका.

जाम गावाच्या पुढे, हमरस्त्यापासून आत, टेकाडावर एक जुनी वेधशाळा आहे. कापसाच्या एका व्यापाऱ्याने शंभरेक वर्षांपूर्वी हौसेने बांधलेली. दुर्बीण कधीच गेली. उरला तो घुमट, गोल अंगण आणि अंगणाच्या मधोमध सावलीचा खांब. भर दुपारी त्याची सावली फरशीवरच्या ज्या रेषेला टेकेल, तो महिना. या इमारतीच्या दुरुस्तीचं काम माझ्याकडे आलं, आणि चुन्याच्या कामासाठी मी वडनेरच्या तानबाकाकाजींना बोलावलं. सत्तरी गाठलेले, घरी बसलेले. पण तसा हात जिल्ह्यात दुसरा नाही. मीच हट्टाने त्यांना परांचीवर चढवलं. निघताना त्यांच्या बायकोने, वच्छलाकाकूंनी, मला बजावलं होतं, "नेशीन तं ने माय, पण जसे नेले तसे आणून देजो."

खांबाच्या माथ्याला अर्धी वीट चार बोटं बाहेर आलेली होती. नकाशात ती नव्हती. मला वेडंवाकडं काम खपत नाही. काकाजींनी छिन्नी लावली आणि थांबले.

"जागृती, हे चुकून रायली नाई वो. बाकी खांबापेक्षा इचा चुना पक्का हाय. कोणं तरी मुद्दाम बसवली."

"नकाशात आहे का? नाही ना? मग पाडा."

एवढ्याशा तुकड्याला पूर्ण दिवस लागला. आतल्या चुन्याला बेलफळाचा वास येत होता, कालच कालवल्यासारखा. तिथेच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. पण मी नकाशावर बरोबरची खूण केली आणि मोकळी झाले.

मग आली तेवीस मे. या सुमारास आमच्याकडे एक दुपार अशी येते, की सूर्य बरोबर डोक्यावर असतो आणि सरळ उभ्या वस्तूची सावली पडतच नाही. खांब ओळंब्यात आहे की नाही ते बघायला याहून चांगला दिवस कुठला? आम्ही दोघंच गेलो. शिवारात चिटपाखरू नव्हतं. फरशी तापून चपलेतून चटके बसत होते. खांबाची सावली आखडत आखडत बुंध्याशी आली, बोटभर उरली, आणि बारा वाजून बारा मिनिटांनी गेली. आमच्या दोघांच्या सावल्याही पायाखाली गेल्या. खांब तंतोतंत सरळ होता. मी खुशीत हसले.

आणि तेव्हा मला ती वीट कळली. ती जागेवर असती, तर आजही खांबाची चार बोटं सावली पडली असती. हा खांब एक क्षणही बिनसावलीचा राहू नये, याची कुणीतरी काळजी घेतली होती...

बुंध्याशी एक सावली होती. माणसाची. लांब, संध्याकाळी पडते तशी. माणूस मात्र कुठेच नव्हता.

"काकाजी... हलू नका."

"काऊन? काय झालं?"

ती फरशीवरून सरकत आली आणि त्यांच्या पायांशी थांबली. ओल्या चुन्याचा वास आला, बेलफळाचा. मग सूर्य कलला. खांबाची सावली पलीकडून डोकावली, माझीही, काकाजींचीही. ती लांब सावली कुठे दिसेना. आता सगळं नेहमीसारखं होतं.

"चाल, भूक लागली मले," ते म्हणाले.

चार वाजता भिंतीशी उभं राहून त्यांनी पाण्याचा लोटा उचलला. तोवर भिंतीवरच्या त्यांच्या सावलीचं पिऊनही झालं होतं. तिने लोटा खाली ठेवला, आणि इकडे काकाजींनी तो तोंडाला लावला. त्यांनीही ते पाहिलं. लोटा हातातून सुटला.

दुसऱ्या दिवसापासून ते आले नाहीत. "उनात पायच नाई ठेवून राह्यले," काकू फोनवर रडत होत्या. मला अन्न गोड लागेना. गूळ, बेल, विटांची सुरखी घालून मी स्वतः चुना कालवला, ती वीट जागेवर बसवली, पाच दिवस गोणपाट ओलं ठेवलं. सहाव्या दिवशी संध्याकाळी वडनेरला गेले.

काकाजी आतल्या अंधाऱ्या खोलीत बसले होते. अर्धे झाले होते.

"वीट बसवली?"

"पक्की बसवली."

"मंग... गेलं असीन ते?"

मला काय ठाऊक! पण त्यांच्याकडे बघवेना. "गेलं, काकाजी. या बाहेर," मी म्हणाले.

समोरच्या पांढऱ्या भिंतीवर उतरतं ऊन होतं. ते भीत भीत माझ्याजवळ येऊन उभे राहिले. हात उचलला. सावलीनेही उचलला, बरोबर, एकदमच. पुन्हा उचलला. पुन्हा तसंच. काकाजी हसले. दारात काकूंनी पदर डोळ्यांना लावला आणि मग मला चांगल्या चार शिव्या दिल्या. मला रडू फुटलं.

"उद्या सक्काळीच येतो मी," काकाजी बोटं मोजत म्हणाले. "घुमटाचा गिलावा रायला, पायऱ्या रायल्या..."

मी भिंतीकडे पाहिलं. त्यांची सावली बोटं मोजत नव्हती. ती छातीवर हात दाबून हळूहळू खाली बसली. मग भिंतीच्या पायथ्याशी आडवी झाली.

"बोल ना, किती दिस लागतीन घुमटाले?" काकाजी विचारत होते.

आडव्या सावलीशेजारी दुसरी एक गुडघे टेकून बसली होती. खांदे गदगदत होते. ती माझी होती, आणि मी अजून उभीच होते.