उंबऱ्यावरची सोय

"अहो, शेपूट!"

जिन्यात मागून आवाज आला आणि माझ्या हातातल्या कॉम्प्युटरच्या डब्याला हिसका बसला. डब्यातून लोंबणाऱ्या वायरवर कुणाचा तरी बूट होता.

"शेपटावर पाय देऊन वर मलाच सांगता?"

"आधी सांगितलं, मग दिला... म्हणजे, पडला." त्यानं पाय उचलला. "कुठे निघालात याला घेऊन?"

"कोपऱ्यावरच्या दुरुस्तीच्या दुकानात."

"मग परत वर चला. दुकान बंद आहे. दुकानदार वरच्यांचा प्रिंटर बघून आत्ता जिन्यात उभा आहे."

तो हसला. खळी एकाच गालाला पडत होती. हातातला डबा केवढा जड, तरी हे मला दिसलं!

वर घरात आत्या टेबलाकडे पाठ करून बसली होती. आई गेल्यावर मला तिनंच वाढवलं, तिच्या शिवणकामाच्या दुकानावर. हात थरथरायला लागला तशी तिनं कात्री माझ्याकडे दिली, पण कपड्यांचे नमुने आखायचं काम तिचंच. ते ती कॉम्प्युटरवर आखायची, आणि काय आखायची! मग माझ्या मामेभावानं 'जुना कॉम्प्युटर नवा करून देतो' म्हणून त्यात काहीतरी घातलं आणि तो गेला निघून. तेव्हापासून सुरू केलं की नुसता काळा पडदा. त्यावर नाव टाइप करायचं. आत्याच्या थरथरत्या बोटानं एकेक अक्षर दोनदा उमटायचं आणि कॉम्प्युटर तिला बाहेरच ठेवायचा.

"माझंच नाव मला चूक म्हणतो मेला," आत्या म्हणाली होती. मग म्हणाली, "तू नोकरी बघ गं. दुकान पुरे झालं." तिच्या त्या आवाजानं मी धसकले होते.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. "लॉगिन मॅनेजर बसवू. म्हणजे चित्रांचा पडदा येईल. आपल्या चित्रावर टिचकी मारायची, पासवर्ड द्यायचा, झालं."

"पासवर्डच काढून टाका ना," मी म्हटलं.

"खबरदार!" आत्या गर्रकन वळली. "बायकांची मापं आहेत त्यात. दार सताड उघडं ठेवू की काय?"

मग चित्रं ठरली. आत्याला तिचं शिवताना बोटात घालायचं अंगुस्तान, मला कात्री.

"कात्री का?" त्यानं विचारलं.

"जिभेमुळे," आत्या म्हणाली. तो खाली मान घालून हसला. मी लक्ष दिलं नाही... असं दाखवलं.

चुकून दोनदा दाबलेलं अक्षर एकदाच धरायची सोयही त्यानं केली. आत्यानं लिहून बघितलं – अगदी नीट! तिनं हौसेनं कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू केला. अंगुस्तानावर टिचकी मारली, पासवर्ड दिला... चूक. पुन्हा दिला. पुन्हा चूक. आत्या उठली, तिनं पडद्यावर कापड टाकलं आणि स्वयंपाकघरात निघून गेली.

त्याचा चेहरा पडला. "चूक माझी आहे. या लॉगिनच्या पडद्याचा कारभार वेगळा असतो. आतल्या खोलीत सोय केली मी, उंबऱ्यावर करायची राहिली."

मी चहा घेऊन आले तेव्हा तो उजव्या हाताची बोटं मुद्दाम थरथरवत पासवर्ड टाइप करत होता. पुन्हा, पुन्हा.

"हे काय चाललंय?"

"आत्यांना परत असं उठायला लागू नये," तो वर न बघता म्हणाला.

चहा गार झाला आणि मी त्याच्या प्रेमात पडले. उगाच आडवळणं कशाला घेऊ?

आत्याला हाताला धरून आणलं. तिनं श्वास रोखून पासवर्ड दिला. या वेळी पडद्यावर एकेकच ठिपका उमटत गेला... आणि तिचा अर्धवट राहिलेला बाहीचा नमुना समोर आला. आत्या नमुन्याकडे बघतच राहिली. "हा घेर जास्त झालाय," ती म्हणाली आणि खुर्ची पुढे ओढून कामाला लागली. नोकरीचं नाव तिनं पुन्हा काढलं नाही.

त्याला दारापर्यंत सोडायला गेले तेव्हा माझे डोळे भरून आले होते. "तुमचे उपकार कसे फेडू..."

"उपकार नका म्हणू," तो एवढंच म्हणाला, जरा उतरल्या आवाजात, आणि गेला.

त्यानंतर मेलं काही बिघडेचना! इतकं चोख काम करतं का कुणी? बोलवायचं तरी कोणत्या तोंडानं? मी त्या वायरकडे इतक्या आशेनं बघायचे, की आत्या म्हणाली, "बिघडलंय काहीतरी. पण कॉम्प्युटरचं नाही."

आणि एका दुपारी तोच दारात. हातात हत्यारांची बॅग नाही, नुसता उभा.

"आम्ही बोलावलं नव्हतं," माझी कात्री चालली.

"माहीत आहे. म्हणून तर आलो. सगळं चोख करून गेलो, ते मुद्दाम. परत येईन तेव्हा कामासाठी आलो असं वाटायला नको."

"मग इतके दिवस?"

"तुम्ही आभार मानत होतात. त्या भरात हो म्हणाल... ते नको होतं मला. म्हटलं, जरा ओसरू दे."

"ओसरले नाहीत. जन्मभर ओसरायचे नाहीत," मी म्हटलं. "पण ते आभार आत्यासाठी. माझं म्हणाल तर... जिन्यातच मी डब्याचं वजन विसरले होते. आवडतोस तू मला."

खळी पडली. खोल.

"झालं का तुमचं?" आतून आत्या. "ये रे इकडे!"

पडद्यावर अंगुस्तान होतं, कात्री होती आणि शेजारी तिसरं चित्र – लोंबणारी वायर. आत्यानं स्वतः केलेलं.

"तुझं आहे. दाब."

"पासवर्ड, आत्या?"

तिनं त्याला खाली वाकवून कानात सांगितला. काय सांगितला कोण जाणे, त्याचे कान लाल झाले. तो टाइप करायला लागला आणि मी बघितलं, त्याची बोटं थरथरत होती. या वेळी मुद्दाम नाही. एकेक अक्षर दोनदा दाबलं जात होतं.

पण उंबऱ्यावर आता सोय होती. तो एका फटक्यात आत आला.