डावीकडं कललेलं पाणी

काचीगुडा स्टेशनामागच्या गल्लीत हिम्मतरावांचं बसकं घर होतं. ओसरीत कड्यांना टांगलेली बंगई, पुढं अंगण, अंगणात शहाबादी फरशी आणि फरशीवर पांढरी अँबॅसडर. फरशी त्यांनी स्वतः उभं राहून बसवून घेतली होती. पाटबंधारे खात्यात त्यांची हयात कालव्यांची लेव्हल घेण्यात गेली होती. परभणीकडच्या शेतकऱ्याचं पोर, पण डोळा असा तयार झाला की भिंतीवरचं कॅलेंडर वाकडं दिसलं तर त्यांना घास उतरत नसे.

रस्त्यावर तेव्हा नव्या गाड्या यायला लागल्या होत्या. आठवड्याला एखादं नवं मॉडेल दिसायचं, गच्च्यांवर डिश उगवायच्या. नव्या गाडीवाले तेल बघायच्या भानगडीत पडत नसत. हिम्मतराव मात्र गाडी बाहेर काढायच्या आधी तेल बघितल्याशिवाय किल्ली फिरवत नसत.

त्याची त्यांची रीत होती. गाडी सपाटीवर हवी. इंजिन थंड हवं, म्हणजे तेल निथळून तळाला आलेलं असतं. मग डिपस्टिक ओढायची, ती केवळ पुसण्यासाठी. पहिल्या ओढीला पट्टी खोटं बोलते, तिला वरचंखालचं तेल चिकटलेलं असतं. जुन्या लुगड्याच्या तुकड्यानं ती कोरडी करायची, पार तळापर्यंत घालायची आणि दुसऱ्यांदा ओढायची. तेव्हा दोन खुणांच्या मधे जे दिसेल ते माप.

आणि गाडीत कोणी बसलेलं नसावं.

हा शेवटचा नियम त्यांच्या बायकोमुळं झाला होता. भामाबाईंना बाहेर जायची फार हौस. नारायणगुड्याला भाजी आणायला जायचं असलं तरी त्या आधीच पुढच्या सीटवर जाऊन बसायच्या. मांडीवर पिशवी, आणि डावीकडची काच चार बोटं खाली. पेट्रोलच्या वासानं त्यांना मळमळायचं. त्यांच्या भारानं डावीकडचे थकलेले स्प्रिंगचे पाटे दबायचे, तेल तिकडं सरकायचं, आणि इंजिनच्या उजव्या अंगाला असलेली पट्टी केसभर कमी दाखवायची.

"भामा, उतर. माप चुकायलंय."

"तेल बघायलात का सोनं तोलायलात?" म्हणत त्या उतरायच्या. एकदा चेष्टेनं त्यांनी पसरट ताटलीत पाणी घेतलं आणि गाडीच्या टपावर मधोमध ठेवलं. "घ्या तुमची लेव्हल. बघा, मी किती जड आहे ते." तेव्हापासून ती ताटली गाडीचीच झाली.

भामाबाई गेल्या त्याला वर्ष होत आलं होतं. मुलगी रेणू पुण्याला. ती रविवारी फोन करायची, त्या दिवशी हिम्मतरावांना आपला आवाज ऐकू यायचा. बाकी दिवस दूधवाल्याला "अर्धा लिटर" म्हटलं की बोलणं संपलं. जेवण ते ओट्यापाशी उभ्यानंच करायचे. पाट मांडला की समोरची जागा दिसायची.

वर्षश्राद्ध झालं आणि पट्टी केसभर कमी दाखवू लागली.

त्यांनी तेल घातलं. पुढच्या खेपेला परत कमी. परत घातलं. फरशीवर थेंब नव्हता, धूर निळा नव्हता. शेवटी ते गाडी घेऊन गॅरेजवाल्या जब्बारभाईकडं गेले. जब्बारभाईनं इंजिन निवू दिलं, पट्टी पुसली, घातली, काढली आणि त्यांच्या नाकासमोर धरली.

"साब, इत्ता तेल कैकू डाले? निशान के उप्पर चढ गया."

"घर पे कम दिखता, भाई."

"तो घर की जमीन टेढी होंगी."

लेव्हलच्या माणसाला हे बोलणं लागलं. जास्तीचं तेल काढून, डावीकडचे पाटे नवे घालून ते घरी आले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ताटलीत पाणी घेऊन आधी फरशीवर ठेवलं. पाणी अगदी सारखं होतं. मग टपावर ठेवलं.

पाणी डाव्या काठाला टेकलं. उजवीकडं चंद्रकोरीएवढी कोरडी जागा उरली.

हिम्मतरावांनी टायरची हवा मोजली. ताटली फिरवून ठेवली. पाणी डावीकडंच. मग त्यांचं लक्ष काचेकडं गेलं. आदल्या संध्याकाळी त्यांनी ती पूर्ण वर केली होती. आता ती चार बोटं खाली होती.

सीट रिकामी होती. तिच्यावर सकाळचं ऊन पडलं होतं.

ते काचेशी वाकले. मग शेजारी कोणी ऐकत नाही ना हे पाहून, घसा साफ करून हळूच म्हणाले, "भामा, उतर. माप चुकायलंय."

पाट्यांनी कुरकुर केली. गाडी उजवीकडं किंचित सावरली आणि ताटलीतलं पाणी थरथरून सारखं झालं. दार उघडलं नव्हतं. त्यांनी पट्टी पुसून, घालून, ओढली. तेल वरच्या खुणेला बरोबर लागलं होतं.

हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही. सांगून काय, रेणू आणखी काळजी करणार. पण त्या दिवसापासून ते पेपर घेऊन अंगणात यायचे, स्टिअरिंगमागं बसायचे आणि बातम्या मोठ्यानं वाचायचे. भाजीचे भाव, लग्नाच्या जाहिराती. डावीकडं गाडी दबलेली असायची. त्यांचं जेवण वाढलं.

मग डोळ्यांच्या डॉक्टरांनी गाडी चालवायची नाही म्हणून सांगितलं.

"बाबा, विकून टाका ती," रेणू फोनवर म्हणाली. "तुम्ही ती चालवल्याशिवाय राहायचा नाहीत, आणि मला इथं झोप लागत नाही."

तारनाक्याचे मुकुंदराव, रेल्वेतून निवृत्त झालेले, गाडी पाहून गेले होते. व्यवहार ठरला. हिम्मतरावांना गाडीचं दुःख नव्हतं. भामा गाडीबरोबर जाईल, एवढीच धास्ती होती.

ठरल्या दिवशी सकाळी त्यांनी टपावर ताटली ठेवली. पाणी डावीकडं होतं. उघड्या काचेशी वाकून ते म्हणाले, "भामा, उतर. आता परत बसू नको. घरात चल माझ्यासंगं."

गाडी सावरली. पाणी सारखं झालं. त्यांनी काच वर केली आणि ताटली उचलली. पाणी त्यांनी एकदाच बघितलं, दुसऱ्यांदा ताटली ठेवून पाहिली नाही. मुकुंदराव फाटकात आले होते.

मुकुंदरावांनी पट्टी ओढून पाहिली, मान डोलावली. गाडी गल्लीतून गेली. अंगणातल्या रिकाम्या फरशीकडं पाहवेना म्हणून हिम्मतराव ओसरीत येऊन बंगईवर बसले.

बंगईच्या डाव्या कड्या वाजल्या. फळी डावीकडं लवली.

त्या दुपारी त्यांनी दोन कप चहा केला. पुढं तोच नेम झाला. पेपर आता बंगईवर वाचला जाऊ लागला. डाव्या बाजूचा कप निवून जायचा, ते तो मोरीत ओतायचे आणि कप धुऊन ठेवायचे. रेणू म्हणाली, "बाबा, आवाज बरा वाटतो तुमचा."

दिवाळीच्या सुमाराला दुपारी फोन वाजला. मुकुंदराव होते.

"हिम्मतराव, राग मानू नका, पण एक विचारायचं होतं. गाडी डावीकडं बसते. तेल केसभर कमी दाखवतं, आणि गॅरेजात नेलं की बरोबर."

हिम्मतरावांनी रिसीव्हर कानाशी घट्ट धरला.

"पाटे तर नवे आहेत म्हणतात. आणि ती डावी काच. वर करून ठेवतो, सकाळी परत चार बोटं खाली."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. खरं सांगू? तुमच्या गल्लीचा कोपरा वळलो ना, तेव्हाच डावीकडं दबली. मला वाटलं, खड्डा असेल."

त्यांनी रिसीव्हर ठेवला.

ओसरीकडं त्यांची पाठ होती. वारा नव्हता. कड्या वाजत होत्या, सावकाश, कोणी पाय टेकून झोका घ्यावा तशा.

त्यांनी ताटली काढली. पाणी घेतलं. बंगईच्या फळीवर मधोमध ठेवली.

पाणी डावीकडं टेकलं.

"कोण आहे?" असं विचारायचं होतं. तोंडातून सवयीचंच निघालं.

"उतर."

कड्या थांबल्या. फळी वर आली. पाणी सारखं झालं.

हिम्मतरावांनी ताटली उचलली आणि दोन्ही हातांत छातीशी धरली. जन्मभर लेव्हल धरलेले हात होते ते. जराही हलत नव्हते.

पाणी हळूहळू डाव्या काठाला टेकलं.